सिलिंडरमधलं पाणी

इंजिनिअरिंगला गेलेला पोरगा सुटीत घरी आला की घरचे त्याच्यासमोर काय ठेवतात? बिघडलेला मिक्सर! मागच्या दिवाळीत मी पातूरला पोचलो तर बाबा म्हणाले, "बाथरूममधलं पानी कुठून गळून रायलं, पाय बरं जरा."

आमच्याकडे आजी होती तोवर पऱ्हाट्या जाळून तापणारा तांब्याचा बंब होता. तिच्यानंतर गॅस गिझर आला. बसवायला आलेल्या माणसाने तो सरळ न्हाणीतच टांगला. न्हाणी सहा फूट बाय चार फूट, वर एक झरोका, आणि थंडी सुरू झाल्यावर त्यालाही आईने गोणपाट लावलेलं.

गिझरच्या वरची भिंत ओलीचिंब, छताला थेंब. प्लंबर दोनदा जॉइंट उघडून टेप गुंडाळून गेला. पैसे गेले, थेंब राहिले. मीही पाना घेऊन तासभर खटपट केली. थर्ड इयर मेकॅनिकल, थर्मोमध्ये फर्स्ट क्लास!

तिसऱ्या दिवशी आत्या अंघोळ करून बाहेर आली ती भिंत धरूनच. डोकं गच्च, मळमळ. "पित्त झालं असन," म्हणून आईने लिंबू-साखर दिली. तासाभराने बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या रात्री मला झोप येईना. जॉइंट गळत असता तर दिवसभर गळला असता. हे पाणी गिझर पेटल्यावरच येत होतं. आणि मग मित्रहो, परीक्षेत दहा वेळा लिहिलेलं ज्वलनाचं समीकरण आठवलं. उजव्या बाजूला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी! १ किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, कारण त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे २२ लिटर. ते वाफ होऊन थंड भिंतीला लागत होतं. पाण्याची मला भीती नव्हती. पण पाणी खोलीत राहतंय म्हणजे धूरही खोलीतच राहतोय. हवा कमी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड करते. एलपीजीला वास मुद्दाम घातलेला असतो, याला वासच नाही. मी उठलो आणि रात्रीच सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला.

सकाळी इंग्लंडमधल्या चुलतभावाला फोन लावला. तिथे २००५ पासून घरात नवा बॉयलर बसवायचा तर बहुतेक कंडेन्सिंगच लागतो. तो धूर इतका थंड करतो की वाफेचं पाणी होतं आणि वाफेतली उष्णताही कामी येते. पाणी किंचित आम्लधर्मी, म्हणून त्याला वेगळा प्लॅस्टिकचा पाइप, उतार देऊन गटारापर्यंत. काही ठिकाणी वाटेत चुनखडीचे खडेही टाकतात. डिसेंबर २०१० च्या थंडीत त्याचा हाच पाइप बाहेर गोठला आणि बॉयलर बंद पडला. "सोमट पाणी ओतत बसलो होतो पाइपावर," तो म्हणाला. आणि मग गंभीर होऊन, "पण धूर बाहेरच जात होता. तुझा गिझर आजच्या आज काढ."

काढला. दुपारपर्यंत तो मागच्या अंगणात, उघड्या भिंतीवर. भिंतीला भोक पाडून फक्त गरम पाण्याचा पाइप आत. वर पावसासाठी पत्रा. दुसऱ्या सकाळी त्या थंड पत्र्याखाली पुन्हा थेंब, आणि ते टपटप गिझरवरच! पत्र्याला बाहेरच्या बाजूने उतार दिला, खाली डबा ठेवला. (आई ते कढीपत्त्याला घालणार होती, मी आडवा आलो.) झरोक्याचं गोणपाटही काढलं.

आत्याचं डोकं दुखणं थांबलं, पण आता तिला आतून ज्योत दिसत नाही. कडी लावून ती ओरडायची, "पेटला काय रे?" सुटी संपेपर्यंत रोज सकाळी मी थंडीत कुडकुडत अंगणात उभा, "पेटला, आत्या, पेटला!"