अलिबागला निघालो, पवनेला पोचलो

बाबांना घराबाहेर काढणं म्हणजे एक प्रोजेक्टच होता. आई गेली त्याला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत आमच्या घरात मासा शिजला नव्हता. मालवणचा माणूस मासे खात नाही म्हटल्यावर काळजीच की! डॉक्टरांनी मनाई केली असती तरी ज्यांनी ऐकलं नसतं, ते बाबा रोज निमूट वरण-भात जेवत होते.

म्हणून ऑक्टोबरमधल्या लाँग वीकएंडला मी सरळ एक कॅम्पर भाड्याने घेतली. दोन बेड, छोटं बेसिन, गॅसची शेगडी. (राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून ही हौस मनात होती.) प्लॅन सोपा होता. लोणावळा, खोपोली, पेण, अलिबाग. किनाऱ्यावर गाडी लावायची, ताजे मासे घ्यायचे, गाडीतच शिजवायचे. बाबांनी फक्त कोकमाच्या आगळाची बाटली घेतली. तीही मांडीवर.

वडगाव ओलांडलं आणि क्लचचा जळका वास यायला लागला. कामशेतवरून फोन केला, तर गाडीमालक एकदम कूल. ''मॅडम, घाट उतरू नका. मेकॅनिक उद्या पाठवतो.'' झालं! गेला समुद्र.

''लोणावळ्यात मिळेल ना सीफूड,'' मी उगाच म्हटलं.

''सहाशे मीटर उंचार,'' बाबा म्हणाले. ''थयसर मासो काय घाट चढान येतलो?''

खरं होतं. तिथे पापलेट येतं ते बर्फाच्या पेटीतून. मग गाडी थोडी थंड होऊ दिली आणि डावीकडे पवनानगरचा रस्ता धरला. तिथे जायचं मी ठरवून टाळत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. आईचं माहेर मावळातलं. पवना धरण १९७२ मध्ये झालं, त्यात तिच्या आजोळची शेती पाण्याखाली गेली. ती चेष्टेत म्हणायची, आमच्या बांधावर आता मासे फिरतात.

आणि तेच मासे बाबांनी तीस वर्षांत कधी खाल्ले नाहीत. ''ह्या माशाक मातीचो वास येता'' हे त्यांचं पेटंट वाक्य. आई स्वतःपुरते दोन तुकडे वेगळ्या तव्यावर तळायची आणि ओट्यापाशी उभ्यानेच खायची. मला तेव्हा त्यात काही वाटायचं नाही. आता वाटतं.

गाडी पाण्याजवळ एका शेतकऱ्याच्या रानात लावली. एकीकडे तुंग, दुसरीकडे तिकोना, मध्ये पिवळी पडत चाललेली भातखाचरं. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रातला, १९८७ चा. कापणीच्या तोंडावर त्याचा वास असा सुटतो की नुसता भात खावा! संध्याकाळी एक मावशी पाटी घेऊन आल्या. रोहू, एक वाम आणि बऱ्याच चिलापी.

''चिलापी घ्या ताई. काटं कमी हायत.''

चिलापी मुळात आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ मध्ये. आता धरणाधरणांत तिचंच राज्य. म्हणजे लोकल तरी कितपत म्हणायची? पण तासाभरापूर्वी पाण्यात होती, एवढं मला पुरेसं होतं.

मी साफ करायला घेतली. बाबा पाठ करून बसलेले. मीठ, हळद लावली, आणि लक्षात आलं, चिंच आणलेलीच नाही. तो मातीचा वास खोटा नसतो. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांपासून जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते माशात मुरतं. आंबटाने ते मोडतं. हे मी नंतर वाचलं. आई न वाचताच चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवायची.

''तुझी आवस चिंच लावी,'' बाबा पाठमोरेच म्हणाले. म्हणजे बघत होते तर इतकी वर्षं!

मग उठले, बाटली उघडली आणि हातानेच आगळ चोळायला लागले. पोटात, चिरांमध्ये, डोक्याजवळ. बराच वेळ. मी मध्ये बोलले नाही. तांदळाच्या पिठात घोळवून कडक तळली. पहिला तुकडा त्यांनी तोंडात टाकला आणि पाण्याकडे बघत राहिले.

''येता काय वास?'' मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

''येता.'' थोड्या वेळाने, ''थोडो.'' मग ताट पुढे केलं. दोन चिलापी संपवल्या त्यांनी. शेवटचा तुकडा उभ्यानेच, शेगडीपाशी.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत क्लच दुरुस्त झाला. संध्याकाळपर्यंत अलिबाग सहज गाठता आलं असतं. तसं सांगायला गेले, तर बाबा मावशींच्या पाटीपाशी उकिडवे बसलेले.

''थांब गो जरा,'' ते म्हणाले. ''ह्या वामाचा काय सांगतत, ता बघूया आधी.''