शेत सुटले, सेवा सुटली नाही

आमचे आजोबा, म्हणजे आप्पा, माण तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. हस्ताचा पाऊस पडला की पाभरीने शाळू पेरायचा आणि पुढे सगळी भिस्त थंडीवर नि देवावर, अशी त्यांची साठ वर्षे गेली. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. पण गळ्यातली माळ आणि आषाढीची वारी सोडली नाही.

ऐंशीनंतर गुडघे थकले. वडिलांनी त्यांना लालबागला चाळीत आणले. पालख्यांचे प्रस्थान झाले त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. म्हणाले, "शेत गेलं, वारीही गेली. आता देवापुढं काय घेऊन उभा राहू?"

हरिपाठाला येणारे एक जुने गिरणी कामगार म्हणाले, "आप्पा, अरणचे सावता महाराज कुठे पंढरीला जात होते? त्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. अजूनही आषाढात पंढरीहून देवाची पालखी त्यांच्याकडे जाते."

आप्पा गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी तेलाचा रिकामा डबा मागून घेतला, माती भरली आणि गॅलरीत तुळस लावली. पुढे शेजाऱ्यांनाही रोपे दिली. पहाटे नळ आला की पहिला तांब्या तुळशीला. वारीला निघालेल्या प्रत्येकाच्या हाती ते मंजिऱ्या देत आणि सांगत, "माझी हजेरी लाव."

ब्याण्णवाव्या वर्षी आप्पा गेले. आमच्या मजल्यावर आज दारोदारी तुळस आहे. माउली, ज्यांचे पाय थकले असतील त्यांना एवढे अवश्य सांगा: मळा डब्याएवढा उरला, तरी विठ्ठलाला तो पुरतो.