यंदा भुशीला जायचे का?

'भुशी भरली का?' हा प्रश्न जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यात किराणा दुकानापासून मशिदीच्या दारापर्यंत ऐकू येतो. धरण भरल्याची चौकशी एरवी शेतकरी करतात. आमच्याकडे ना शेत, ना बैल. पण भुशी भरली म्हणजे सांडव्याच्या पायऱ्यांवरून पाणी सुटले, आणि पाणी सुटले म्हणजे एक रविवार ठरला. पुण्याहून लोणावळ्याची लोकल, डब्यात खिमा-पराठे, थर्मासमध्ये चहा, पिशवीत सुक्या कपड्यांची गाठोडी. एक घर निघायचे म्हणता म्हणता चार घरे निघतात. मुलांना हे वर्षभर पुरते.

पुण्याजवळ पाणी काही एका भुशीलाच नाही, असे कोणीही म्हणेल. खरे आहे. पण त्या पाण्यापर्यंत पोचायचे कसे, हे आमच्यासारख्यांना विचारावे. त्याच लोणावळ्यात वळवणचे मोठे धरण आहे. ते टाटांच्या वीज कंपनीचे. १९११ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९१५ पासून त्या पाण्यावर घाटाखाली खोपोलीत वीज तयार होऊ लागली. मुळशीचे पाणीही टाटांचे. त्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी जाणार होत्या, त्या मावळ्यांना बरोबर घेऊन सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, हे आपण शाळेत शिकलो आणि आता आम्ही शिकवतो. पवनेच्या काठावर तंबू आहेत, बंगले आहेत. पैसे भरले की काठ आपला. न भरणाऱ्याला रस्त्यावरून पाणी दिसते, तेवढेच. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. ज्याचा खर्च, त्याचे कुंपण, हे समजते.

भुशीचे वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकात जी.आय.पी. रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून इंद्रायणीवर हा छोटा बांध घातला. बोरघाट चढून आलेल्या इंजिनाला वर पाणी लागायचे. ती इंजिने गेली, पाणी राहिले, आणि सांडव्याच्या पायऱ्यांवर लोक येऊन बसू लागले. तिकीट नाही, ओळखपत्र नाही. पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत सगळे लोक भागीदार आहेत, अशा आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपण ऐकतो. मदरशात ती ऐकताना विहीर डोळ्यांसमोर येते. आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर भुशीच्या पायऱ्या येतात.

आणखी एक गोष्ट बायकांनाच कळेल. वॉटर पार्कला गेलो तर तिकिटाच्या खिडकीवरच नायलॉनचा पोशाख भाड्याने घ्या म्हणतात. त्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. तो घालायचा नाही म्हणून आमच्या घरातल्या बायका काठावर बसून पिशव्या सांभाळतात. भुशीच्या पायऱ्यांवर असे काही नाही. तिथे नऊवारीतली आजी बसलेली असते, बांधणीच्या साडीतली काकू असते, कॉलेजची पोरे अर्ध्या विजारीत असतात, आणि त्यांच्या मधोमध आमच्या अम्मी सलवार-कमीजमध्ये, डोक्यावर ओढणी घट्ट बांधून, पाठीवर पाणी घेत बसतात. आमचे कपडे हा तिथे विषयच नसतो. अम्मींचे गुडघे दुखतात, पण पाण्याखाली बसल्यावर त्या अर्धा तास काही बोलत नाहीत, आणि त्यांना ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की हे किती दुर्मीळ आहे.

३० जून २०२४ चा रविवार यानंतर आला. भुशीच्या मागच्या डोंगरातून धरणात उतरणाऱ्या धबधब्यावर पुण्याचे एक कुटुंब गेले होते. पाणी एकाएकी वाढले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसे पाण्याने उचलली. एक बाई आणि चार मुले गेली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्ते आणि नौदलाचे पाणबुडे त्यांना शोधायला उतरले. त्या काही सेकंदांचे चित्रीकरण देशभर फिरले. आमच्या घरात ते एकदाच पाहिले गेले. पाहून झाल्यावर कोणी जेवले नाही. ते आमच्याच शहरातले होते, आमच्यासारखेच एकत्र निघालेले, आणि ते जिथे उभे होते तसे उभे राहून काढलेले फोटो आमच्या मोबाइलमध्येही आहेत.

त्यानंतर मोबाइलवर जे आले ते इथे लिहिण्याजोगे नाही. इतकी मुले कशाला नेली, असल्या कपड्यांत पाण्यात कशाला उतरले, यांना अक्कलच नाही वगैरे. दर पावसाळ्यात या डोंगरांत माणसे बुडतात. सगळ्या जातिधर्मांची बुडतात. मय्यत दारात असताना असे लिहिणाऱ्यांना काय म्हणावे, हे आम्हाला अजून सुचलेले नाही.

आपल्या लोकांचेही दोन शब्द बोलले पाहिजेत. मोहल्ल्यात ताजियतीच्या बैठकीत कोणी म्हणाले, मौत तिथेच लिहिली होती. कोणी म्हणाले, बुडून गेलेल्याला शहीदाचा दर्जा आहे. दोन्ही गोष्टींवर आमचा ईमान आहे. घरच्यांच्या दुःखावर तो मोठा आधार आहे. पण पुढच्या रविवारी पोरांना त्याच खडकावर उभे करायची ती परवानगी नव्हे. उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, हेही आपल्याला प्रेषितांनीच (स.) शिकवले आहे. उंट कसा बांधायचा, यावर मात्र त्या बैठकीत कोणी बोलले नाही.

जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले. धोक्याच्या जागी पाण्यात उतरायचे नाही, धबधब्याच्या प्रवाहाखाली बसायचे नाही. ते करणे भागच होते. मोहल्ल्यातली बंदी मात्र त्याहून मोठी निघाली. आमच्या खालच्या मजल्यावरचे चाचा म्हणाले, 'आता मुलींना पाणी दाखवूच नका.' त्यांच्या तिन्ही नातींचे जाणे बंद झाले. त्यांचा नातू मात्र दोन आठवड्यांनी मित्रांच्या मोटारसायकलीवर बसून कुठल्याशा कुंडावर जाऊन आला. कुठे, ते आजवर घरी सांगितलेले नाही. आमच्या वर्गातही हेच दिसते. सहल रद्द झाली की मुली घरी बसतात आणि मुलगे आपापले जातात, तेही मोठ्या माणसाशिवाय. चाचांची काळजी खोटी नाही. पण ती ज्यांच्यावर पडली त्या जाणारच नव्हत्या एकट्या, आणि जो एकटा जाणार होता त्याच्यावर पडली नाही.

आम्ही ठरवले की जायचे, पण पाणी समजून घेऊन जायचे. शाळेत भूगोल शिकवताना सह्याद्रीचा पर्जन्यमान नकाशा फळ्यावर काढतोच. तो त्या रात्री घरी जेवणाच्या दस्तरख्वानवर काढला. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या पुढे, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. खाली काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, उतार तीव्र. पाणी जिरायला जागाच नाही. वरच्या पठारावर सर कोसळली की ते पाणी थोड्या वेळात ओढ्यात येते. आपण उभे आहोत तिथे कदाचित ऊनही असेल. म्हणून 'इथे तर पाऊस नाही' या वाक्याला डोंगरात काही अर्थ नाही.

अम्मींनी मध्येच विचारले, मग पाणी येते आहे हे ओळखायचे कसे? हा खरा प्रश्न. निवळ पाणी गढूळ व्हायला लागते. काड्या, पाचोळा, फेस वाहून येतो. आवाज बदलतो, जड होतो. यातले एकही दिसले की सामान सोडायचे आणि बाहेर यायचे. चप्पल, डबा, मोबाइल, सगळे सोडायचे. आणि त्याहून महत्त्वाचे, प्रवाहाच्या मधल्या खडकावर जायचेच नाही, तो कितीही रुंद आणि कोरडा दिसला तरी. पाणी वाढले की तो बेट होतो. गुडघाभर पाणी वेगात असेल तर धडधाकट माणसाचाही पाय सुटतो. एकमेकांना धरून उभे राहिल्याने वजन वाढते असे वाटते, पण एक पाय घसरला की साखळीच जाते.

त्या पुढच्या पावसाळ्यात आम्ही गेलो. तीन घरे, चौदा माणसे. रविवार नव्हे, शाळेला सुट्टी मिळालेला मधला वार, सकाळची पहिली लोकल. मागच्या धबधब्याकडे कोणी वळायचे नाही, फक्त सांडव्याच्या पायऱ्या, त्याही कडेच्या. शेवाळ असते, म्हणून रबरी तळव्याच्या चपला. बुरखे आणि मोठ्या ओढण्या काठावर उतरवून ठेवल्या. भिजलेले कापड अंगाला ओढते आणि पायात अडकते, मग तो बुरखा असो की साडी. हे आमच्या भाभींनीच सगळ्यांना सांगितले, म्हणून कोणाला लागले नाही. एका मोठ्या माणसामागे दोन मुले, नावे घेऊन वाटलेली. एक मोठा माणूस पाण्यात उतरणारच नाही, तो फक्त वरच्या बाजूला बघत बसेल. हे काम कोणाला नको होते. शेवटी पाळ्या लावल्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या. पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून नायलॉनच्या दोराला बांधून घेतला होता. कोणी वाहिले तर त्याच्यामागे उडी न मारता हे फेकायचे. देवाच्या दयेने तो कॅन कोरडाच परत आला. लोकलमध्ये एकाने विचारले, तेल आणायला चाललात का?

मजा कमी झाली का? थोडी झाली. मुलांनी तासातासाला मोजणी करून घेतली, तेव्हा त्यांना शाळेतच आल्यासारखे वाटले असणार. पण अम्मी बसल्या, नेहमीसारख्या गप्प.

अडचण दुपारी आली. जोहरची वेळ झाली. एवढ्या पाण्यात वुजूची चिंता नव्हती, पण बायकांना ओले कपडे बदलायला आडोसा नव्हता आणि स्वच्छतागृहासाठी एका भजीवाल्या मावशींचे पाय धरावे लागले. त्यांनी आपल्या घरातली मोरी दिली, वर चादर देऊन नमाजला कोपराही दिला, आणि पैसे घेतले नाहीत. आम्ही भजी मात्र दुप्पट घेतली. ही सोय नसते तेव्हा माणसे झुडपांमागे जातात, आणि ती घाण त्याच पाण्यात उतरते. थांबलेल्या पाण्यात लघवी करू नये, लोकांच्या पाणवठ्यावर आणि सावलीत घाण करू नये, इतके बारीक आपल्याला सांगून ठेवले आहे. खाली आळंदीला हीच इंद्रायणी जाते. तिथे लोक तिला माथ्याला लावतात.

परत आल्यावर आम्ही एक अर्ज लिहिला. मराठीत, साध्या कागदावर. तीन मागण्या: पायऱ्यांजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची जागा, पाणी वाढल्यावर वाजेल असा भोंगा, आणि 'धोका' एवढाच शब्द लिहिलेल्या पाटीऐवजी पाणी गढूळ झाले तर काय करावे हे चित्रांत सांगणारी पाटी, म्हणजे कोणतीही भाषा वाचणाऱ्याला आणि न वाचणाऱ्यालाही कळेल. वर्गातल्या मुलींनी अशी चार चित्रे काढूनही दिली. गढूळ पाण्याला त्यांनी चहाचा रंग दिला आहे. ज्यांच्याकडे ही व्यवस्था आहे असे आम्हाला सांगण्यात आले, त्यांनी दुसरीकडे पाठवले. दुसऱ्यांनी चित्रे ठेवून घेतली आणि अर्जावर शिक्का मारून दिला. शिक्क्याची प्रत आमच्याकडे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा जाऊन विचारायचे आहे.

परवा खालच्या मजल्यावरचे चाचा जिन्यात भेटले. नातींचे नाव न काढता त्यांनी विचारले, तो दोर किती लांबीचा घेतला होता? वीस मीटर, आम्ही म्हणालो. 'आमचे पाच जण आले तर?' अजून एक कॅन लागेल, आणि वर बघत बसायला एक माणूस. चाचा म्हणाले, तसेही त्यांना पाण्यात उतरायचे नाहीच.