‘कातु’च्या गावात

हेलसिंकीत रस्त्यांच्या पाट्या फिनिश आणि स्वीडिश अशा दोन भाषांत असतात. बेळगावच्या माणसाची नजर आधी तिथंच जायची! ट्राममधून पाहावं तर नावांच्या शेवटी जागोजागी ‘कातु’, म्हणजे रस्ता. ‘रस्त्यावर’ म्हणायचं तर मात्र ‘कादुल्ला’. प्रत्यय लागताच ‘त’चा ‘द’ होतो. नुसता शब्द पाठ करून भागत नाही.

तिथं वाढणाऱ्या सात वर्षांच्या भाचीनं मला पत्त्यांवर बसवलं. एका गठ्ठ्यात नामं, दुसऱ्यात प्रत्यय. दोन्हींतलं एकेक पान उचलायचं, शब्द जुळवायचा आणि बाहुली तिथं ठेवून दाखवायची. ‘तालो’ घर, ‘तालोस्सा’ घरात, ‘तालोस्ता’ घरातून. विभक्ती एकूण 15! पण ‘मने, मनेयल्लि, मनेयिंद’ ऐकत वाढलेल्या आपल्याला त्याचं काय मोठंसं?

बहिणीची काळजी वेगळीच होती. पोरगी फिनिश फाडफाड बोलते, मराठीत अडखळते. म्हणून कोऱ्या पानांवर आम्ही मराठी शब्द लिहिले. ‘पाणी’ आणि ‘त’ निघालं.

‘‘पाणीत,’’ ती म्हणाली.

मी काही न बोलता ‘कातु’चं पान पुढं सरकवलं. ती क्षणभर थांबली.

‘‘मामा, पाण्यात!’’