तोफ दिसते, छत दिसत नाही

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तट, बुरूज, दिंडी दरवाजा आणि पाण्याची टाकी उभी राहतात. आज ज्या किल्ल्याची हकिगत सांगणार आहे, त्याला यांतले काहीच नव्हते. तो होता काँक्रीटचा एक लांबट ठोकळा. छतावर ओळीने चार पोलादी घुमट आणि प्रत्येक घुमटातून बाहेर आलेली एक तोफ. इटलीच्या उत्तरेला आसियागोचे डोंगरी पठार आहे. त्या पठारावरील वेरेना शिखराच्या माथ्यावर, २,०१५ मीटर उंचीवर, इटलीच्या सैन्याने हा किल्ला १९१० ते १९१४ या काळात बांधला. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याहूनही हे ठिकाण उंच!

मी शेतकी खात्यातला माणूस. तोफांशी माझा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण माझ्या गटातील एका गावी तोफखान्यातून निवृत्त झालेले एक शेतकरी आहेत. सारे गाव त्यांना मेजर म्हणते. पीक पाहणी आटोपली की त्यांच्या ओट्यावर चहा होतो आणि बोलणे हमखास लढाईकडे वळते. त्यांच्यामुळेच युद्धांची पुस्तके वाचण्याचा मला नाद लागला, आणि त्या वाचनात हा वेरेना भेटला.

त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याची सरहद्द या पठाराला लागूनच होती. समोरच्या अंगाला वेर्ले, लुझेर्ना, बेल्वेदेरे असे ऑस्ट्रियाचे सात किल्ले होते. दोन्हीकडच्या सरकारांनी पाण्यासारखा पैसा ओतला, पण तो निरनिराळ्या ठिकाणी. इटलीने मोठी तोफ घेतली. वेरेनावरच्या तोफा १४९ मिलिमीटरच्या आणि लांब पल्ल्याच्या. ऑस्ट्रियाच्या घुमटांतल्या तोफा १०० मिलिमीटरच्याच. पण ऑस्ट्रियाने आपल्या छतांत पोलादी तुळया घातल्या आणि घुमटही जाड ठेवले. वेरेनाचे घुमट त्यांच्याहून पातळ, आणि त्याच्या काँक्रीटला पोलादाचा आधार नव्हता. आपल्या भाषेत सांगायचे तर सळई न बांधताच स्लॅब टाकलेला! शिवाय किल्ला ऐन माथ्यावर. माथ्यावरून चहूकडचे दिसते हे खरे, पण चहूकडच्यांना आपणही दिसतो.

२४ मे १९१५ च्या पहाटे इटली युद्धात उतरली. या आघाडीवरचा इटलीचा पहिला गोळा सुटला तो वेरेनावरून. पुढचे काही दिवस समोरच्या किल्ल्यांवर गोळ्यांचा नुसता वर्षाव झाला. ऑस्ट्रियाच्या छतांनाही भगदाडे पडली. २८ मे रोजी लुझेर्नावर पांढरे निशाणसुद्धा चढले. पण शेजारच्या किल्ल्यांनी इटलीच्या सैनिकांना जवळ येऊ दिले नाही, आणि लुझेर्ना टिकला. इटलीकडे वेरेनाची वाहवा चालू होती.

मग ऑस्ट्रियाने ३०५ मिलिमीटरची उखळी तोफ आणली. ती स्कोडाच्या कारखान्यात तयार झालेली. आपल्या शेंद्र्याला ज्या नावाच्या मोटारी बनतात, तेच हे जुने नाव. तिचा जड गोळा ३८४ किलोचा, म्हणजे पन्नास किलोच्या साडेसात पोत्यांहून जास्त. तो आकाशात उंच चढे, जवळजवळ सरळ खाली येई, छत फोडून आत शिरे आणि मग फुटे. १२ जून १९१५ रोजी असा एक गोळा वेरेनाच्या छतातून आत गेला. किल्ल्याच्या प्रमुखासह सुमारे ४० माणसे जागच्या जागी ठार झाली. युद्धाला अजून तीन आठवडेही झाले नव्हते. पुढे किल्ला रिकामा करून तोफा दुसरीकडे नेण्यात आल्या.

ही हकिगत मी मेजरांना सांगितली. ते म्हणाले, "साहेब, तोफ सगळेच बघायला येतात. पण जो आत बसतो, तो आधी डोक्यावर काय आहे ते बघतो."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, त्याला कारण आहे. माझा एक चुलतभाऊ विहिरीतला गाळ काढायला उतरला होता. विहिरीचे बांधकाम अवघे तीन वर्षांचे. वर कठडा रंगवलेला, गिलावा गुळगुळीत. पण दगडांच्या मागे नीट भरणी केलेली नव्हती. एका अंगाचे बांधकाम खाली आले. बांधणारा पैसे घेऊन केव्हाच गेला होता. वहिनीने पुढे दोन मुले वाढवली, शेतीही सांभाळली. पण त्या विहिरीचे पाणी तिने पुन्हा कधी प्यायले नाही.

वेरेनाच्या खालची माणसेही आपल्यासारखीच गुरेढोरे राखणारी. उन्हाळ्यात जनावरे वरच्या कुरणांत न्यायची, दुधाचे चीज करायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. १५ मे १९१६ रोजी ऑस्ट्रियाने मोठी चढाई केली. आसियागो गाव उद्ध्वस्त झाले आणि लोकांना घरदार सोडून बाहेर पडावे लागले. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी त्या आघाडीवरचे युद्ध थांबले. परत आलेल्या लोकांना कुरणांत खड्डे आणि लोखंडच दिसले. पोटासाठी ते गोळ्यांचे तुकडे वेचून विकू लागले, आणि न फुटलेल्या गोळ्यांनी त्यांतल्याही कित्येकांचा बळी घेतला. आज त्या कुरणांत पुन्हा गाई चरतात. वेरेनाच्या माथ्यावर मात्र फुटक्या काँक्रीटचा सांगाडा तेवढा उरला आहे.

शेतकरी बंधुभगिनींनो, आपल्या गावात तोफा नाहीत, पण छते आहेत, विहिरी आहेत, नाल्यावरचे बांध आहेत. ट्रॅक्टर दारात उभा राहिला की चार माणसे बघायला येतात. बांधाचा पाया कठीण खडकापर्यंत गेला का, हे बघायला कोणी येत नाही. म्हणून जे झाकले जाणार आहे, ते झाकण्याआधी स्वतः बघावे. स्लॅब टाकण्यापूर्वी सळई मोजावी. माती लोटण्यापूर्वी पाया बघावा. काँक्रीटला पुरेसे दिवस पाणी मारले जाते का, यावर घरातल्या बायामाणसांनीही लक्ष ठेवावे. यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. काम करून देणारा आपल्या गावी निघून जातो. छताखाली निजायचे असते ते आपल्या लेकराबाळांना.