एका तुकड्यावरून उभा राहिलेला आरसेमहाल

जर्मनीतील वुर्झबर्गच्या राजवाड्यात शिरलेला प्रवासी जिन्यावरच अडकतो. धर्मगुरू असून राज्यही करणाऱ्या बिशपांचा हा वाडा. बाल्थाझार नॉयमानने जिन्यावर मधल्या खांबाचा आधार न घेता प्रचंड दगडी कमान तोलली, आणि व्हेनिसच्या तिएपोलोने १७५२-५३ साली तिच्यावर चार खंडे रंगवली. मान दुखेपर्यंत मीही पाहत राहिलो. पण वाचकहो, मला सांगायचे आहे ते आतल्या एका लहानशा दालनाविषयी.

हे आरशांचे दालन १७४० नंतरच्या पाच-सहा वर्षांतले. त्याला भिंती अशा नाहीतच. आहेत त्या काचा. आपल्या जुन्या घरांतल्या काचेवरील तसबिरींसारख्या मागून रंगवलेल्या. या कामात सगळे उलटे: डोळ्यातली बाहुली आधी, चेहरा नंतर, पार्श्वभूमी सर्वांत शेवटी! पक्षी, फुले, चिनी पोशाखातली माणसे, आणि भोवती सोनेरी वेलबुट्टी. रोकोको म्हणतात ती हीच शैली. सरळ रेषेशी तिचे जणू हाडवैर. शिंपल्याचे वळण मिळाले की ती खूश.

"अहो, हे सगळे पुसत कोण असेल?" आमची सौ. हळूच म्हणाली. प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

१६ मार्च १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी सुमारे २० मिनिटांत हे शहर पेटवले. हजारो माणसे मेली. वाड्यातले पुष्कळ सामान आधीच हलवले होते. पण भिंतीतच बसवलेल्या काचा काढणार कशा? कमानीमुळे तिएपोलोचे छत वाचले, काचा गेल्या.

१९७९ साली कारागिरांनी दालन पुन्हा करायला घेतले. हाताशी काय? काचेचा एक उरलेला तुकडा, जुनी छायाचित्रे, आणि एकोणिसाव्या शतकात गेओर्ग डेनने काढलेले जलरंगातले चित्र. एवढ्या भांडवलावर १९८७ साली काम पुरे झाले.

मग हे अस्सल की नक्कल? आम्हा पोथ्या चाळणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. ज्ञानेश्वरीची पहिली प्रत आज कोठे आहे? एकनाथांनी १५८४ साली पाठ शुद्ध केला, आणि त्या परंपरेतली ओवी आपण ज्ञानेश्वरांचीच म्हणून म्हणतो. एकनाथांना निदान अनेक प्रती मिळाल्या होत्या. इथे एकच तुकडा! मी तरी कारागिरांना झुकते माप दिले.

सौ. अजून काचेपाशीच होती. रंगवलेल्या चिनी माणसाशेजारी तिचा हिरवा पदर दिसत होता.