चार फुटांची मोरी आणि अकरा महिन्यांचा करार

भाड्याचे घर लागले की माणूस आधी दिवाणखाना सजवतो. पडदे येतात, चटई येते, कपाटावर आयतुल कुर्सीची तसबीर टेकवून ठेवली जाते. बाथरूमकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. मोरी मालकाची, नळ मालकाचे, करार अकरा महिन्यांचा. आपण कशाला पैसे घालायचे? आमच्याकडे उलटे झाले. आमच्या घराची सजावट बाथरूमपासून सुरू झाली, आणि दिवाणखान्यात अजूनही लग्नातलीच सतरंजी आहे. याला कारण आमच्या अम्मी.

अम्मींचे वय बहात्तर. सारे आयुष्य सोलापूर जिल्ह्यातल्या गावी गेले. तिथे न्हाणी घराला लागून आणि पाखाना अंगणाच्या पार टोकाला. न्हाणीत तांब्याचा बंब, कडेला शहाबादी फरशीचा ओटा, आणि त्या ओट्यावर बसून पाच वक्तांचा वुजू. अब्बांच्या पश्चात त्या आमच्याकडे पुण्याला, कोंढव्यात आल्या. आमच्या फ्लॅटचे बाथरूम चार फूट रुंद आणि साडेसात फूट लांब. दारातून आत गेले की आधी बेसिन, मग कमोड, आणि शेवटी भिंतीपाशी अंघोळीचा नळ. सगळे एकाच खोलीत.

पहिले काही आठवडे अम्मी तांब्या भरून मागच्या गॅलरीत जात आणि कपडे धुण्याच्या मशीनजवळ उकिडव्या बसून वुजू करत. समोरच्या इमारतीच्या खिडक्या थेट आमच्या गॅलरीत उघडतात. मसह करायला पदर सरकवताना त्या दरवेळी मान वर करून पाहत. पाय धुतले की गॅलरीची फरशी निसरडी होई. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "तिथं कमोडजवळ अल्लाहचं नाव कसं घ्यायचं बाळा? इथं बरं आहे."

मशिदीच्या इमामसाहेबांना विचारले. जागा पाक असेल, अंगावर नापाक शिंतोडे उडण्याची भीती नसेल तर वुजू होतो, बिस्मिल्लाह आत जाण्याआधी म्हणावी, असे त्यांनी सांगितले. अम्मींना हे ठाऊक नव्हते असे नाही. मसला ठाऊक असणे वेगळे आणि मनाला बरे वाटणे वेगळे. त्यामुळे प्रश्न फिकहचा उरला नाही, चार फुटांच्या मोरीचा झाला.

आता मोरी आपली नाही, हीच तर अडचण. आम्हाला हे घर मिळाले ते चार महिने हिंडल्यावर. फोनवर घर रिकामे असते, नाव सांगितले की ते कालच गेलेले असते. वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव नवा नसेल. जे घर शेवटी मिळाले त्याच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, चावी देताना एकच अट घातली: "टाइल्सला भोक पाडायचं नाही." साठ हजारांची अनामत त्यांच्याकडे आहे. याआधीच्या एका घरमालकाने खिळ्यांच्या भोकांचे साडेचार हजार कापून घेतले होते. ती भोके आमच्या आधीपासूनची होती, पण तसे दाखवायला आमच्याकडे काही नव्हते. म्हणून या घरात सामान यायच्या आधी सगळ्या खोल्यांचा, बाथरूमच्या कोपऱ्याकोपऱ्याचा व्हिडिओ काढून काकांना पाठवला. घर बदलणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे जरूर करावे. करार नोंदवलेला असावा हेही पाहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे.

काकांच्या अटीचा आम्हाला राग आला नाही. बाथरूमच्या फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो. फरशीला किंवा भिंतीच्या खालच्या भागाला ड्रिल लागले आणि तो थर फुटला तर पाणी झिरपत खालच्या मजल्याच्या छतावर उतरते. मग टाइल्स उखडून सगळे नव्याने करावे लागते आणि दोन शेजारी कायमचे बोलेनासे होतात. शिवाय आमच्यानंतर एखादे मुस्लिम कुटुंब या दारात येईल, तेव्हा काकांना आमची मोरी आठवणार हेही आमच्या मनात होते. एका कुटुंबाच्या वागण्याचा हिशोब दुसऱ्याकडून मागणे बरोबर नाही, पण तो मागितला जातो.

तर पहिली गोष्ट पडदा. स्प्रिंगचा दांडा मिळतो. दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या असतात, पिळून लांब केला की दोन भिंतींच्या मध्ये दाबून बसतो. भोक नाही, गोंद नाही. चार फुटांची रुंदी त्याला सोपी. तो आम्ही कमोड आणि नळ यांच्या मध्ये, साडेसहा फुटांवर बसवला आणि पाण्याने न भिजणारा जाड पडदा लावला. त्या दांड्यावर ओले टॉवेल टाकायचे नाहीत हे मुलांना शिकवावे लागले. वजनाने तो हळूहळू घसरतो. पडद्याचा रंग अम्मींनी निवडला, फिकट हिरवा. आम्हाला पांढरा हवा होता. पांढरा आठ दिवसांत पिवळा पडतो, हे त्यांचे म्हणणे अर्थातच खरे होते.

पडदा ओढला की एका खोलीच्या दोन खोल्या होतात. नळाच्या बाजूला उभे राहिले तर कमोड दिसत नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी आम्ही फर्निचरवाल्याला अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टिशनचा भाव विचारून आलो होतो.

दुसरी गोष्ट बसण्याची. म्हाताऱ्या माणसाच्या वुजूत खरी अडचण पायांची असते. तोंड, हात बेसिनवर धुता येतात. पाय बेसिनमध्ये उचलून ठेवणे तरुणांनाही धोक्याचे. अम्मींच्या गुडघ्यांना खाली बसणेही आता जमत नव्हते. आम्ही रबरी बूट असलेले भक्कम प्लास्टिकचे स्टूल आणले, खुर्चीएवढ्या उंचीचे, आणि नळाच्या तोंडाला दोन फूट रबरी नळी बसवली. स्टुलावर बसायचे, नळी हातात घ्यायची, पायावर पाणी सोडायचे. स्टुलाखाली आणि पुढे रबराची जाळीदार चटई. कापडी पायपुसणे मोरीच्या आत ठेवू नये. ते ओले राहते, वास मारते आणि गुळगुळीत फरशीवर माणसासकट सरकते. रबराची चटईही रोज रात्री उचलून उभी करावी लागते, नाहीतर खाली शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. हे काम धाकट्याकडे आहे. तो ते दोन दिवसांतून एकदा करतो.

बाकीचे सारे टांगण्याचे. व्हॅक्यूमचे हुक फक्त गुळगुळीत, चकचकीत टाइलवर टिकतात. दोन टाइल्सच्या मधल्या फटीवर लावला की हवा शिरते आणि रात्री दोन वाजता मग खाली पडून सगळे घर जागे होते. गोंदाचे हुक जास्त धरतात, पण टाइल आधी स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि एक दिवस त्यावर काही टांगू नये. काढताना ओढायचे नाही. केस वाळवायच्या मशीनची गरम हवा दिली की गोंद सैल होतो. मग मागून जाड दोरा करवतीसारखा फिरवायचा, आणि उरलेला चिकटा खोबरेल तेलाने पुसायचा. एक हुक आम्ही याच पद्धतीने काढून पाहिला तेव्हा कुठे बाकीचे लावले.

खिडकीच्या काचेला धुरकट फिल्म लावली. ही गोंदाची नसते, काचेवर पाणी मारून बसवायची. कोपऱ्यातून उचलली की तशीच सुटते. उजेड आत येतो, समोरच्या इमारतीला आतले दिसत नाही. फज्रच्या वेळेसाठी दाराशी चार्जिंगचा छोटा दिवा ठेवला, माणूस जवळ आले की आपोआप लागणारा. अंधारात बटण चाचपडणे संपले. बेसिनच्या कडेला जुन्या सरबताच्या बाटलीत मनी प्लांटची फांदी आहे. तिला ऊन लागत नाही. ती घरातल्या मुलीने आणली. इतर सगळ्या गोष्टींची गरज होती. ही निव्वळ हौस.

टाइल्सवर चिकटवायचे रंगीत स्टिकर आम्ही घेतले नाहीत. दुकानात ते सुंदर दिसतात. पण ओलाव्याने कडा सुटतात, मागे काळी बुरशी धरते, आणि काढताना अर्धा गोंद मागे राहतो. टाइल जशी आहे तशी लख्ख ठेवणे हीच स्वस्त सजावट. आमच्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी येते, त्यामुळे नळांवर क्षारांचे पांढरे थर. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवले की थर मऊ होऊन निघतो. संगमरवर, कडप्पा किंवा शहाबादी असेल तर मात्र तिथे व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये. हे दगडच आंबटाने खाल्ले जातात. आणि भगिनींनी एक गोष्ट मनावर घ्यावी: मोरी घासायचे अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.

एका गोष्टीला आमच्या सगळ्या युक्त्या कमी पडल्या. कमोडवरून उठताना अम्मींना धरायला काही नव्हते. त्या फ्लशच्या टाकीचा आधार घेत. व्हॅक्यूमने चिकटणारे हँडल बाजारात मिळते आणि विकणारा त्याला लोंबकळूनही दाखवतो. पण त्याची पकड कधी सुटेल याचा भरवसा नसतो, आणि तोल गेलेले माणूस पूर्ण भार त्यावरच टाकते. तोल सांभाळायला एखादे वेळी ठीक, अंगाचा भार द्यायला नाही. तिथे भिंतीत बोल्टने बसवलेला दांडाच हवा.

आम्ही काकांकडे गेलो. चार भोके, भिंतीच्या वरच्या कोरड्या भागात, सोडताना टाइल बदलून देऊ, लिहून देतो, असे सांगितले. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण त्या टाइल्स आता मिळत नाहीत." नाही म्हणतानाही त्यांनी चहा पाजला. आम्हाला वाईट वाटले, आजही वाटते. टाइलची किंमत असते, माणसाच्या खुब्याच्या हाडाचीही असते. पण घर त्यांचे होते.

शेवटी उपाय सर्जिकल सामानाच्या दुकानात सापडला: कमोडभोवती जमिनीवर उभी राहणारी स्टीलची चौकट, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे, पायांना रबर, उंची कमी-जास्त होणारी. भिंतीला ती शिवतही नाही. घ्यायच्या आधी कमोडच्या दोन्ही बाजूंची जागा मोजून न्यावी. आमची जेमतेम बसली. दिसायला ती दवाखान्यासारखी दिसते. अम्मींनी दांड्यांवर जुन्या दुपट्ट्याच्या पट्ट्या शिवल्या, पडद्याच्याच हिरव्या रंगाच्या, धुवायला काढता येतील अशा. त्या दिवसापासून त्या मोरीला "माझी मोरी" म्हणू लागल्या.

गॅलरीतला तांब्या आता नळाजवळ आला आहे. नळी असूनही हात-तोंडाला त्या तांब्याच वापरतात. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे, मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. एकदा आम्ही नळ सोडून केलेल्या वुजूचे पाणी बादलीत धरले. अर्धी बादली भरली. अम्मींनी बादलीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता ते पाणी झाडांना घालायला लावले. टँकरचे पैसे भरणाऱ्या सोसायटीत ही नजर पुरेशी असते.

एप्रिलमध्ये करार संपतो. काकांना भाडे वाढवून हवे आहे, आम्हाला ते परवडत नाही, आणि त्यात कोणाचा दोष नाही. पडदा, दांडा, स्टूल, नळी, चटई, हुक, दिवा हे सारे एका सुटकेसमध्ये मावते. चौकट घडी होत नाही, ती हातात न्यावी लागेल. नवी घरे पाहणे सुरू आहे. परवा एका घरात शिरताच आम्ही दिवाणखाना ओलांडून थेट मोरीत गेलो. एकाने टेपने रुंदी मोजली, दुसऱ्याने कमोडचे तोंड पश्चिमेला तर नाही ना ते पाहिले, अम्मी दारातून म्हणाल्या, "नळ पडद्याच्या कोणत्या बाजूला येतो ते बघा." एजंट गोंधळला. म्हणाला, "वास्तू बघताय का?"

"तसंच काहीतरी," आम्ही म्हणालो. रुंदी चार फूट दोन इंच भरली. दांडा पुरेल.